समजून घ्या : टोकियोहून आलेल्या एका पुस्तिकेतून भारताचं पहिलं महिला विद्यापीठ कसं उभं राहिलं?

डिजिटल डेस्क, अमरावती-अकोला

दहावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत एक चर्चा हमखास होते. पोरगी आतापर्यंत मराठीत शिकली, आता सायन्स घेतलं तर सगळं इंग्रजीत. झेपेल का तिला?

ही चर्चा नवी नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाला हाच प्रश्न पडला होता. वाट सापडली ती लंडनमध्ये नाही, तर टोकियोमध्ये. आणि तीही तिथे न जाता, पोस्टाने आलेल्या एका छोट्या पुस्तिकेतून. ते प्राध्यापक म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचं आयुष्य आणि टोकियोचा हा धागा नेमका काय आहे, जाणून घेऊया.

थोडक्यात

- जन्म : १८ एप्रिल १८५८, शेरवली (रत्नागिरी). निधन : ९ नोव्हेंबर १९६२, पुणे
- १८९६ : अनाथ बालिकाश्रम
- १९१५ : टोकियोच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका हाती
- १९१६ : पुण्यात महिला विद्यापीठाची स्थापना
- १९३० : टोकियोला प्रत्यक्ष भेट
- १९५८ : वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न

कोण होते अण्णासाहेब कर्वे?

कोकणात दापोलीजवळचं मुरुड हे त्यांचं गाव. घरची परिस्थिती बेताची. साधारण सतराव्या वर्षी सरकारी नोकरीसाठी लागणारी सहावीची परीक्षा द्यायला ते मित्रांसोबत मुरुडहून साताऱ्याला पायी गेले. पाऊस, कुंभार्ली घाट आणि सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचं अंतर. म्हणजे अकोल्याहून अमरावतीला पायी जाऊन जवळपास परत येण्याइतकं. तिथे पोहोचल्यावर परीक्षा समितीने त्यांना परत पाठवलं. कारण, मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही!

हा माणूस मागे हटला नाही. १८८१मध्ये मॅट्रिक, १८८४मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बीए. १८९१मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला सुरुवात केली आणि १९१४पर्यंत तिथेच शिकवलं.

एका लग्नामुळे गावाने बहिष्कार का टाकला?

१८९१मध्येच त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळी बायको वारलेल्या पुरुषासाठी लगेच दुसरी कुमारिका शोधली जायची. नवरा वारलेल्या मुलीचं मात्र केशवपन व्हायचं आणि उरलेलं आयुष्य घराच्या कोपऱ्यात जायचं. कर्व्यांनी ठरवलं, लग्न करायचं तर विधवेशीच.

११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई त्यांच्या मित्राची बहीण होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं, पण सगळे त्यांना बाया म्हणूनच ओळखत. हे जोडपं मुरुडला गेलं तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्याचा त्रास घरच्यांनाही झाला.

पण लवकरच कर्व्यांच्या लक्षात आलं की पुनर्विवाह हा मोजक्याच जणींसाठीचा मार्ग आहे. बाकीच्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर शिक्षण हवं. म्हणून १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. १९००मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला, माळरानावरच्या एका झोपडीत गेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचं आणि नंतर सामान घेऊन पायी हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम होता. १९०७मध्ये महिला विद्यालय निघालं.

मग टोकियो मध्येच कुठून आलं?

१९१५ साली कर्व्यांच्या नावाने पोस्टाने एक पुस्तिका आली. पाठवणारे होते बनारसचे शिवप्रसाद गुप्त. पुस्तिका टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाबद्दल होती. कर्व्यांनी ती चाळली आणि सवडीने वाचू म्हणून बाजूला ठेवली.

काही महिन्यांनी मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हातात आली. या वेळी त्यांनी ती नीट वाचली. डिसेंबर १९१५च्या त्या भाषणात त्यांनी भारतातही महिलांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हवं, अशी मांडणी केली. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. आज सरकारी नोकरीत या वयात लोक पेन्शनची कागदपत्रं जुळवायला लागतात.

टोकियोच का? लंडन का नाही?

हे समजायला त्या वेळचं टोकियो काय होतं, ते पाहावं लागेल.

१८६८पर्यंत या शहराचं नाव एदो होतं. सम्राट मेइजींच्या राजवटीत ते टोकियो झालं, म्हणजे पूर्वेकडची राजधानी. १८७१मध्ये जपानने पाश्चात्त्य देशांकडे एक मोठं शिष्टमंडळ पाठवलं. त्याच्यासोबत शिकण्यासाठी पाच मुली अमेरिकेला गेल्या. त्यातली सर्वात लहान त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. तिनेच परत येऊन १९००मध्ये टोकियोत मुलींसाठी इंग्रजीची संस्था काढली. १८७२मध्ये देशभर शाळांचं जाळं विणायचा सरकारी हुकूम निघाला. १८७७मध्ये टोकियो विद्यापीठ स्थापन झालं. सुरुवातीला तिथे परदेशी प्राध्यापक परदेशी भाषांमधून शिकवत. हळूहळू जपानी प्राध्यापक तयार झाले आणि विज्ञान, वैद्यक, कायदा हे विषय जपानीत शिकवले जाऊ लागले.

१९०५मध्ये जपानने रशियाचा युद्धात पराभव केला आणि आशियाभर खळबळ उडाली. हजारो चिनी विद्यार्थी टोकियोत शिकायला येऊ लागले. सन यत्-सेन यांची क्रांतिकारक संघटना त्याच वर्षी टोकियोतच स्थापन झाली. स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी चिनी क्रांतिकारक छिऊ चिन तिथेच शिकत होती. व्हिएतनाममधूनही तरुण मुलं गुपचूप टोकियोला पाठवली जात होती. युरोपची भाषा घरात न आणता आधुनिक होता येतं, याचं चालतंबोलतं उदाहरण म्हणून ही सगळी मंडळी या शहराकडे पाहत होती. त्या काळातलं टोकियोचं जागतिक महत्त्व मुख्यतः यात होतं.

अर्थात याला दुसरी बाजूही आहे. त्याच टोकियोतून १९१०मध्ये कोरिया गिळंकृत करण्यात आला आणि १९१५मध्येच चीनसमोर जाचक मागण्या ठेवण्यात आल्या. एकाच शहरातून आशियाला शाळाही मिळत होती आणि सैन्यही येत होतं. कर्व्यांनी घेतली ती शाळा.

त्या विद्यापीठात वेगळं काय होतं?

जपान महिला विद्यापीठ २० एप्रिल १९०१ रोजी टोकियोच्या मेजिरो भागात सुरू झालं. संस्थापक नारुसे जिन्झो हे अमेरिकेत शिकून आलेले शिक्षक. मुलीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग नागरिक म्हणून घडवायचं, हा त्यांचा क्रम होता. गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य हे सुरुवातीचे विभाग होते.

गंमत म्हणजे टोकियोच्या सरकारी विद्यापीठाने मुलींना प्रवेश दिला तो थेट १९४६मध्ये. म्हणजे तिथे दार बंदच होतं, म्हणून नारुसेंनी वेगळं घर बांधलं.

आपल्याकडे उलट होतं. कलकत्ता आणि मुंबई विद्यापीठांतून मुली १८८०च्या दशकातच पदवीधर झाल्या होत्या. दार उघडं होतं, पण उंबरठा फार उंच होता. सगळं शिक्षण इंग्रजीत. लग्नं लहान वयात. त्यामुळे आत पोहोचणाऱ्या मुली मोजक्याच. कर्व्यांनी गणिताच्या माणसासारखा विचार केला. चार मुलींना उंच उंबरठा ओलांडायला लावायचा, की हजारोंसाठी उंबरठाच खाली आणायचा?

पुण्यात काय घडलं?

जून १९१६मध्ये विद्यापीठाची पहिली सभा झाली. डॉ. रा. गो. भांडारकर कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू झाले. जुलैमध्ये वर्ग सुरू झाला तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

शिक्षणाचं माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, असं सूत्र ठरलं. पदवीलाही देशी नाव मिळालं, गृहीतागमा, म्हणजेच जीए. गांधीजींना मातृभाषेचा भाग पटला, पण इंग्रजीची सक्ती पटली नाही. कर्व्यांनी मात्र दोन्ही ठेवलं. विचार मराठीत करता यावा आणि जगाची खिडकीही बंद होऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता.

टीकाही झाली. ही दुय्यम पदवी आहे, सरकार ती मानत नाही, गृहशास्त्र शिकवून मुलींना पुन्हा स्वयंपाकघरातच ढकललं जातंय, असे आक्षेप होते. ते सगळेच चुकीचे नव्हते. सरकारमान्यता नसल्याने मुलींना अडचणी येत होत्याच.

पैसाही नव्हता. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच आजचं एसएनडीटी झालं. १९३६मध्ये त्याचं मुख्यालय मुंबईला गेलं.

कर्वे टोकियोला कधी गेले?

मार्च १९२९मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते जगप्रवासाला निघाले. युरोपातल्या शिक्षण परिषदांमध्ये बोलले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले, अमेरिका पाहिली आणि १९३०मध्ये जपानला पोहोचले. टोकियोत त्यांनी ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचली होती, ते प्रत्यक्ष पाहिलं.

पुस्तिका हाती पडल्याला १५ वर्षं झाली होती. मधल्या काळात १९२३च्या भूकंपात आणि आगीत टोकियो परिसरातली एक लाखाहून अधिक माणसं गेली होती आणि शहर पुन्हा उभं राहत होतं. नारुसे १९१९मध्येच वारले होते, त्यामुळे या दोघांची भेट काही झाली नाही. त्याच वर्षाअखेरीस कर्वे आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. दोन्ही दौऱ्यांत विद्यापीठासाठी देणग्या गोळा करणं चालूच होतं.

पुढेही ते थांबले नाहीत. १९३६मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, १९४४मध्ये समता संघ. १९५५मध्ये पद्मविभूषण आणि १९५८मध्ये भारतरत्न मिळालं. वयाच्या १०४व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मान्यता कधी मिळाली?

इथे दोन्ही संस्थांची गोष्ट पुन्हा जुळते. टोकियोच्या संस्थेला कायद्याने पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९४८मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ४७ वर्षांनी. एसएनडीटीला कायद्याने मान्यता मिळाली १९५१मध्ये, म्हणजे ३५ वर्षांनी. तोपर्यंत दोन्हीकडे मुली शिकत राहिल्या. कागद नंतर आला.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

हिंगण्याच्या त्या झोपडीतून वाढलेल्या संस्थेने १९९१मध्ये पुण्यात मुलींसाठी इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. नागपूरजवळच्या हिंगण्यालाही तिचं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे.

भाषेचा प्रश्न मात्र अजून तिथेच आहे. हे लिहिणाऱ्याने स्वतः इंजिनीअरिंग केलंय. दहावीपर्यंत जो संवेग होता तो अकरावीत मोमेंटम झाला आणि पहिल्या वर्षाला तर वर्गात प्रश्न विचारायचीच भीती वाटायची. उत्तर माहीत असायचं, वाक्य जुळायचं नाही. वर्गातल्या हुशार मुली त्याच कारणाने मागच्या बाकांवर गप्प बसलेल्या पाहिल्या आहेत.

२०२१-२२पासून एआयसीटीईने मराठीसह प्रादेशिक भाषांतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे. पण चांगली पुस्तकं, शिकवणारे प्राध्यापक आणि पुढे नोकरी देणाऱ्या कंपन्यांचा विश्वास या तीन गोष्टींशिवाय ती परवानगी कागदावरच राहील. टोकियोला हे सगळं जमवायला काही दशकं लागली होती. तिथे आधी पुस्तकं आणि शिक्षक तयार केले गेले.

तेव्हा यंदा घरात माध्यमाची चर्चा निघाली, तर कर्व्यांचं सूत्र एकदा आठवून पाहा. समजून घ्यायला मराठी आणि जगाशी बोलायला इंग्रजी. दोन्हींपैकी एक सोडायलाच हवी, असं त्यांनी १९१६मध्येही मानलं नव्हतं.