व्हान्ट हॉफ आणि परासरणाचे गणित

विज्ञानाच्या शिक्षकांच्या रजेत मध्यंतरी नववीचे काही तास माझ्याकडे आले. मी कला शाखेचा पदवीधर. मनुका पाण्यात टाकली की फुगते आणि साखरेच्या दाट पाकात टाकली की आकसते, एवढे दाखवून मी परासरण हा शब्द फळ्यावर लिहिला. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, की पाणी किती जोराने आत शिरते ते कोणी मोजले आहे काय? मला उत्तर येईना. ते शोधताना ज्या थोर पुरुषाची ओळख झाली, त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

याकोबुस हेन्रिकुस व्हान्ट हॉफ यांचा जन्म हॉलंडमधील रॉटरडॅम येथे ३० ऑगस्ट १८५२ रोजी झाला. वडील डॉक्टर होते. शाळेला सुट्टी असताना खिडकीतून प्रयोगशाळेत शिरून हा मुलगा प्रयोग करीत असे. एकदा तो पकडला गेला. वडील रागावले खरे, परंतु त्यांनी घरातच त्याला प्रयोगासाठी जागा करून दिली. (पालकांनी याची अवश्य नोंद घ्यावी.) पुढे डेल्फ्ट, लायडन, बॉन, पॅरिस असे शिक्षण घेत १८७४ मध्ये त्यांनी उट्रेक्ट येथे डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी त्यांनी एक छोटी पुस्तिका छापली होती. कार्बनच्या अणूचे चार हात कागदावर सपाट नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात, असे तीत मांडले होते. आज ही गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. त्या वेळी मात्र या विद्वान तरुणाला १८७६ मध्ये उट्रेक्टच्या पशुवैद्यक शाळेत साहाय्यकाची नोकरी पत्करावी लागली.

जर्मनीतील बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञ कोल्बे यांनी १८७७ मध्ये त्यांची जाहीर टिंगल केली. पशुवैद्यक शाळेच्या तबेल्यातून पंखांचा घोडा उसना घेऊन हे गृहस्थ अणू पाहावयास आकाशात निघाले आहेत, असा त्या टीकेचा सूर होता. व्हान्ट हॉफ चिडले नाहीत. १८७८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्राध्यापकपद स्वीकारताना त्यांनी व्याख्यानाचा विषयच घेतला विज्ञानातील कल्पनाशक्ती! त्यासाठी त्यांनी सुमारे २०० शास्त्रज्ञांची चरित्रे धुंडाळली होती. मला तर हे उत्तर कोणत्याही प्रतिटोल्यापेक्षा अधिक आवडले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. ॲम्स्टरडॅममध्ये ह्यूगो द व्ह्रीस हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. मिठाच्या द्रावणात ठेवलेल्या वनस्पतिपेशीतील रस आकसून भिंतीपासून कसा सुटतो, याचा ते अभ्यास करीत. एके दिवशी व्हान्ट हॉफ सपत्नीक रस्त्याने जात असता द व्ह्रीस भेटले आणि त्यांनी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांच्या प्रयोगांची हकिकत सांगितली. फेफर यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्यात तांब्याच्या एका क्षाराचा पातळ पडदा तयार केला होता. त्यातून पाणी जाई, साखर जात नसे. आत साखरेचे पाणी व बाहेर साधे पाणी ठेवले की आतला दाब चढे. साखर १ टक्का असता तो पाऱ्याच्या ५३५ मिलिमीटर इतका भरला, २ टक्क्यांना १०१६, ४ टक्क्यांना २०८२ आणि ६ टक्क्यांना ३०७५. म्हणजे साखर दुप्पट की दाबही जवळजवळ दुप्पट. शिवाय तापमान वाढले की दाबही किंचित वाढे.

हे आकडे १८७७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. व्हान्ट हॉफ यांना त्यांत एक ओळखीचा चेहरा दिसला. साखरेचे तेवढेच रेणू तेवढ्याच जागेत वायुरूपाने कोंडले असते, तर त्यांनी जेवढा दाब दिला असता, जवळपास तेवढाच हा दाब होता. वायूचा नियम द्रावणालाही लागू पडला! १८८५ मध्ये त्यांनी हे स्वीडिश अकादमीपुढे मांडले.

एक अडचण मात्र राहिली. मिठाचे द्रावण हिशेबापेक्षा जवळजवळ दुप्पट दाब देई. व्हान्ट हॉफ यांनी ती लपविली नाही. सूत्रात एक गुणक घालून ते मोकळे झाले. १८८७ च्या मार्चमध्ये स्वीडनमधील आऱ्हेनियस या तरुणाचे पत्र आले. पाण्यात मिठाचे दोन विद्युत्भारित कण होतात, म्हणून मोजणी दुप्पट येते, असा त्याचा खुलासा होता. या आऱ्हेनियसच्या प्रबंधालाही त्याच्या विद्यापीठाने अगदी खालची श्रेणी दिली होती.

रुग्णालयात शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्केच का, याचे उत्तर याच हिशेबात आहे. या द्रावणाचा परासरण दाब सुमारे ७ वातावरण भरतो आणि तो रक्तपेशीच्या आतील दाबाशी जुळतो. शिरेत नुसते पाणी सोडले तर ते पेशीत शिरून ती फुटेल. मीठ फार झाले तर पेशी त्या मनुकेसारखी आकसेल.

१८९६ मध्ये ते बर्लिनला गेले. तेथे आठवड्याला एकच व्याख्यान द्यावे लागे, बाकी वेळ संशोधनाला मोकळा. (आम्हां शिक्षकांना हेवा वाटावा अशीच ही नेमणूक!) १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेही याच कार्यासह. पुढे क्षयाने प्रकृती ढासळली आणि १ मार्च १९११ रोजी बर्लिनजवळ श्टेग्लिट्झ येथे वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पेशीच्या पडद्यातून पाणी नेमके कोणत्या वाटेने जाते, हे त्यांच्या हयातीत कोणालाच माहीत नव्हते. पडद्यातील पाण्याची खास प्रथिन-नळी अमेरिकेतील पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये दाखवून दिली. व्हान्ट हॉफ यांच्या गणिताला तिच्यामुळे धक्का लागला नाही. नळीमुळे पाणी लवकर जाते, पण शेवटी दाब किती होणार ते द्रावणातील कणांच्या संख्येवरच ठरते. त्या मुलीला मी फेफर यांचे चारही आकडे लिहून दिले. तिने त्यांचा आलेख काढून आणला. रेषा जवळजवळ सरळ आली होती.