श्रीनिवास रामानुजन : एक प्रश्न आणि त्याचे उत्तरायुष्य

तंजावरचे नाव मराठी अभ्यासकास व्यंकोजींच्या वंशामुळे, सरस्वती महालामुळे आणि तेथील मराठी नाटकांमुळे परिचित आहे. त्याच मुलखात, कावेरीच्या काठी वसलेल्या कुंभकोणम येथे श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले. जन्म आजोळी, इरोड येथे, २२ डिसेंबर १८८७ रोजी झाला. वडील कापडाच्या पेढीवर कारकून होते. कार या इंग्रज शिक्षकाने संकलित केलेला सूत्रसंग्रह शालेय वयातच हाती पडला आणि गणितावाचून अन्य विषय त्यांस उरला नाही. परिणामी कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली. पुढील वर्षे वह्या आणि दारिद्र्य यांच्या सोबतीत सरली.

रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने १९०७ साली निघालेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीने (हिचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात होते) त्यांना पहिले व्यासपीठ दिले. तिच्या नियतकालिकात १९११ साली त्यांनी वाचकांपुढे एक प्रश्न ठेवला. नैसर्गिक लघुगणकाच्या पायाचा कोणताही पूर्णांक घात अनंत श्रेणीने मांडता येतो. घातांकाइतकी आरंभीची पदे घेतली, तर त्यांची बेरीज घाताच्या निम्म्याहून किंचित उणी पडते. ही उणीव पुढील पदाच्या एकतृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान असते, हे सिद्ध करावयाचे होते.

प्रश्न शुद्ध गणिताचा. परंतु १९१७ साली कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील एर्लांग यांनी, किती तारा असता किती मागण्या परत जातील याचे सूत्र दिले. एकही मागणी नाकारली नाही, तर सरासरीने एका वेळी जितकी संभाषणे चालू राहतील, तो भार होय. भार आणि तारांची संख्या समान असली की एर्लांगच्या सूत्रात रामानुजनांचीच श्रेणी अवतरते. दहा तारांवर दहाचा भार आला तर शेकडा सुमारे एकवीस मागण्या वाया जातात. शंभर तारांवर शंभरचा आला तर आठांहूनही कमी. लहान लहान केंद्रांपेक्षा एकत्र केलेल्या तारा अधिक काम का देतात, याचे मर्म येथे आहे.

१९१२ साली मद्रास बंदराच्या कचेरीत महिना तीस रुपयांची नोकरी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये हार्डी यांना धाडलेल्या पत्रात त्या उणिवेचे अधिक सूक्ष्म अनुमान होते, अर्थात सिद्धतेविना. रामानुजनांना केवळ गूढ प्रतिभेचे पुरुष ठरविण्याची प्रथा पडली आहे. ती त्यांच्या हिशेबी चिकाटीवर अन्याय करते, कारण असे अनुमान आकडेमोडीत मुरलेल्या हातासच सुचते.

१९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि १९१९ मध्ये आजारी अवस्थेत परतले. काही काळ कुंभकोणम येथे काढून ते मद्रासला आले. तेथेच २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मूळ प्रश्नाच्या पूर्ण सिद्धता सेगो यांनी १९२८ मध्ये व वॉटसन यांनी १९२९ मध्ये दिल्या. पत्रातील सूक्ष्म अनुमान सिद्ध होण्यास मात्र १९९५ साल उजाडावे लागले. फ्लाजोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केले, तेव्हा तीच श्रेणी संगणकाच्या स्मृतीत नोंदी शोधण्याच्या हिशेबातही येऊन बसली होती.