इंदूर पायी पाहणारे नगररचनाकार : सर पॅट्रिक गेडिस

स्कॉटलंडमधील बॅलाटर येथे २ ऑक्टोबर १८५४ रोजी जन्मलेले पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत संशोधन करीत असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे सूक्ष्मदर्शकावरील काम कष्टाचे झाले आणि त्यांचा ओढा मानवी वस्त्यांच्या अभ्यासाकडे वळला. एडिंबरोमध्ये १८९२ साली त्यांनी एक मनोरा घेतला. माथ्यावरून आधी आपले नगर पाहावे आणि मजला-मजला उतरत देश व जग जाणून घ्यावे, अशी त्याची योजना होती.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे साहित्य घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. परंतु ते खचले नाहीत. महाराजा तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकीर्दीत ते इंदुरास आले, तेव्हा शहराला प्लेगने ग्रासले होते. जुन्या वस्त्यांतून सरळ, रुंद रस्ते काढावेत, हा त्या काळचा रूढ उपाय. कागदावर पट्टीने ओढलेली एक रेघ शेकडो घरांवरून जात असे, आणि उठविलेली कुटुंबे शेजारच्या वस्तीत अधिकच दाटी करीत.

गेडिस नकाशा नाकारीत नसत. तो हाती घेऊन गल्लीबोळ पायी तुडवीत. विहीर, देऊळ, वृक्ष, पडके घर, मोकळी जागा यांची जागेवर पाहणी करून, मोजकीच मोडकी घरे काढून वारा व उजेड कसा आणता येईल, याचा ते शोध घेत.

परंतु नकाशा घेऊन हिंडणारा हा परका वृद्ध दिसताच लोक मुलांना घरात ओढून घेत. त्यांनी साहाय्यकाकडे कारण विचारले, तेव्हा प्लेग आणणारा साहेब म्हणून आपण ओळखले जातो, असे त्यांना कळले. हा अविश्वास दूर झाल्यावाचून कोणतीही योजना व्यर्थ, हे त्यांनी ओळखले आणि एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले.

१९१७ च्या दिवाळीत निघणारी मिरवणूक रूढ मार्गाने न जाता, ज्या रस्त्यांवर झाडलोट व घरदुरुस्ती उत्तम होईल त्याच रस्त्यांनी जाईल, असे जाहीर झाले. घरोघरी साफसफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर होता. स्वच्छ वस्त्रे ल्यालेले, हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. नगरदेवतेच्या ध्वजावर शहराचा नकाशा होता आणि नियोजित रस्ते तांबड्या रेषांनी दाखविले होते. ज्या कागदाची धास्ती होती, तोच आता सर्वांसमोर उलगडला होता. शेवटी राक्षसाचे व उंदराचे दहन झाले.

१९१८ साली त्यांचा इंदूरविषयक अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नदीकाठ, बागा, घरे यांजबरोबरच विद्यापीठाचाही विचार त्यात आहे. पुढे मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिये येथे त्यांचे निधन झाले. नगराची वाट नकाशात सापडते खरी, पण तिच्यावर राहणाऱ्यांना विचारल्यावाचून ती पुरी होत नाही, हा त्यांच्या कार्याचा बोध इंदूरकरांनी जपावा असा आहे.