देवळालीचे कापरेकर मास्तर

गणराय ही विद्येची देवता. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा तो अधिपती असे आपण आरास करताना दरवर्षी म्हणतो. स्मरणिकेत मात्र संत, नाटककार, गायक आणि समाजसुधारक यांचीच चरित्रे बहुधा येतात. गणिताच्या वाट्याला पान येत नाही. म्हणून यंदा आम्ही एका शाळामास्तरांविषयी लिहीत आहोत. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून, आणि त्यांना ज्योतिषाचा नाद. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनीच त्याला वाढवले. कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, तेव्हा आकड्यांची संगत घरातूनच लागली असे म्हणायला हरकत नाही. ठाण्याच्या शाळेत असताना गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ साली स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण कधीच झाले नाही. १९३० साली नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात ते शाळामास्तर म्हणून लागले आणि १९६२ साली, वयाच्या ५८व्या वर्षी, तिथूनच निवृत्त झाले. सरळ, बदली-बढतीचा फारसा गाजावाजा नसलेली नोकरी. आम्हा सरकारी नोकरांना असले आयुष्य समजावून सांगावे लागत नाही.

शाळा सुटल्यावर मास्तर आकड्यांशी खेळत. डोंबिवलीला त्या काळी डेमलो असेही म्हणत. तिथे गाडी बदलताना सुचलेल्या १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. रेल्वे स्टेशनाचे नाव गणितात गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४९ सालचा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. मास्तरांचे जन्मसालच घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया केली, तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! आकडा तिथेच थांबतो. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. आपल्या भागात रस्त्यावर केए २२ची गाडी असो, केए २३ची असो की कोल्हापूरची एमएच ०९ असो, पाटीवरचे शेवटचे चार आकडे शेवटी ६१७४लाच पोचणार. सीमाप्रश्नावर एकमत होईल तेव्हा होईल, इथे मात्र दोन्ही राज्यांचे एकमत आहे.

यामागे जादू नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ने गुणा, दुसऱ्याला ९०ने, आणि बेरीज करा. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा कधीच पहिल्यापेक्षा मोठा नसतो. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ होतात. म्हणजे ०००१ पासून ९९९९ पर्यंतच्या ९,९९० चालणाऱ्या संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांत गोळा होतात. ती ५४ तपासली की काम झाले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पावकी-निमकीवर तोंडी हिशेब करणाऱ्या आपल्या आजोबांना हे चटकन पटले असते.

मास्तरांनी हा शोध मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला. १९५५ साली तो न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापून आला. पण आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. परिषदांत त्यांची चेष्टा होई. त्यांचे लेख बड्या नियतकालिकांत सहसा येत नसत. मग ते स्वतःच पुस्तिका छापत.

या उपेक्षेला केवळ मत्सर म्हणणे आम्हाला बरोबर वाटत नाही. रामानुजनांना जगापुढे आणणाऱ्या हार्डी यांनीच १९४० सालच्या आपल्या पुस्तकात अंक उलटसुलट करण्याच्या गमतींना गंभीर गणितात जागा नाही असे मत मांडले होते. आक्षेपात तथ्य आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ६१७४ येते. दुसऱ्या पटीत मोजणाऱ्याला ते मिळणार नाही. तरीही प्रश्न विचारायला फक्त वजाबाकी लागते आणि उत्तर शोधताना मोजणीचे खरे गणित उभे राहते, हे कापरेकरांनी दाखवले. पोरखेळ म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात यायला हवे होते.

नावे देण्यात मास्तरांचा हात कोणी धरला नसता. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज मिळवली की २१ होतात. म्हणून १५ ही २१ची जनक. पण २०ला असा जनकच नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. अशांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले, अष्टविनायकांच्या मूर्तींना म्हणतात तसे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्या ‘हर्षद’, आनंद देणाऱ्या. रामानुजनांची १७२९ ही हर्षदच आहे: बेरीज १९, आणि १९ एक्क्याण्णवे १७२९. इव्हान निव्हन यांनी १९७७ साली एका व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला, तेव्हापासून परदेशात त्यांना निव्हन संख्याही म्हणतात. आपण हर्षदच म्हणावे. शिवाय ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना तर कापरेकरांचेच नाव आहे.

जगाने दखल घेतली ती निवृत्तीनंतर. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले. तोवर पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली होती. पेन्शन पुरत नसे, म्हणून मास्तर गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. शाळा-कॉलेजांत बोलावणे आले की मात्र आवडीने जात आणि मुलांना आकडे दाखवत. १९८६ साली देवळालीतच ते गेले.

त्यांची वजाबाकी अजून संपलेली नाही. अंक वाढवले किंवा मोजण्याचा पाया बदलला की काय होते, यावर अभ्यास चालूच आहे. तीन अंकांना ४९५ हा एकच मुक्काम आहे. सहा अंकांना दोन आहेत: ५४९९४५ आणि ६३१७६४. पाच अंकांना मात्र एकही नाही, तिथे संख्या फेऱ्यात सापडते. घरातल्या मुलांना ५३९५५ द्यावी. दोनच वजाबाक्यांत ती पुन्हा समोर येऊन उभी राहते.