मुंबईची क्वीनी, हॉलिवूडची मर्ल : घरच्या आईला मोलकरीण म्हणून वावरावे लागले, त्या नायिकेची गोष्ट

आपल्या सीमाभागात कुठलाही अर्ज भरायला घेतला आणि जन्मस्थळ, मातृभाषा हे रकाने आले की पेन क्षणभर थांबतं. बेळगाव असो, बिदर असो की भालकी, आपण खरं तेच लिहितो. पण खिडकीपलीकडचा माणूस ते वाचून काय म्हणेल, हा विचार मनात येऊन जातोच.

मुंबईत जन्मलेल्या एका मुलीने मात्र जन्मस्थळाचा हा रकाना चाळीस-पंचेचाळीस वर्षे खोटा भरला. ती मुलगी पुढे हॉलिवूडची मोठी नायिका झाली. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत तिचे नाव आले. ती मुंबईची आहे, हे मात्र तिच्या मृत्यूनंतरच जगासमोर आले. तिचे नाव मर्ल ओबेरॉन. हॉलिवूडमधल्या वर्णभेदाबद्दल आज खूप बोलले जाते. तो भेद माणसाच्या घरात शिरून काय करतो, हे समजून घ्यायला मर्लचे आयुष्य पाहावे लागते.

मुंबईत जन्म, कोलकात्यात बालपण

१९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत तिचा जन्म झाला. पाळण्यातले नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरातले लाडाचे नाव क्वीनी. वडील आर्थर थॉम्पसन हे इंग्लंडच्या डार्लिंग्टन गावचे, इथे रेल्वेत इंजिनिअर होते. जन्म देणारी कॉन्स्टन्स सेल्बी स्वतःच अजून शाळकरी वयाची होती. आजच्या कायद्याने तो गुन्हाच ठरला असता. तेव्हा तो घरातल्या घरात झाकला गेला. कॉन्स्टन्सची आई शार्लट सेल्बी हिने नातीला स्वतःची मुलगी म्हणून वाढवले आणि खरी आई ही थोरली बहीण ठरली. म्हणजे क्वीनीच्या आयुष्यातले पहिले खोटे तिने स्वतः रचलेले नव्हते. ते तिला पाळण्यातच मिळाले होते.

शार्लटचे मूळ सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे. रंग सावळा. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या एका रंगाभोवती फिरते.

पहिल्या महायुद्धात थॉम्पसन सैन्यात गेले आणि आघाडीवर न्यूमोनियाने वारले. १९१७ मध्ये शार्लट क्वीनीला घेऊन कोलकात्याला गेली. तिथल्या ला मार्टिनियर या मुलींच्या नामांकित शाळेत क्वीनीला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. पण मिश्र रक्ताची म्हणून वर्गातल्या मुली तिला इतक्या टोचून बोलत की तिने शाळाच सोडली. अँग्लो-इंडियन माणसाची तेव्हाची अवस्था अशीच होती. साहेब त्याला आपला मानत नसे आणि इथला समाजही त्याला आपला म्हणत नसे. दोन राज्यांच्या मध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

थोडी मोठी झाल्यावर क्वीनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करू लागली. हौशी नाटकमंडळीत भाग घेऊ लागली. सिनेमाचे वेड होतेच. दिसायला अतिशय देखणी, त्यामुळे संध्याकाळी क्लबात, हॉटेलांत साहेब लोकांच्या ओळखी होत. त्यातल्या एका माजी नटाशी तिचे जुळले. एक दिवस तो घरी आला आणि त्याला शार्लट दिसली. आईचा रंग पाहून लेकीचे मूळ त्याला कळले आणि त्याने संबंध तोडले. जाता जाता त्याने फ्रान्समधल्या एका दिग्दर्शकाकडे शब्द टाकायचे कबूल केले. तेवढ्या आधारावर १९२९ मध्ये आजी-नात बोटीत बसल्या.

दुसरी ऑपरेटर, दुसरा रस्ता

इथे जरा मुंबईकडे वळून पाहू. त्याच दशकात मुंबईत आणखी एक टेलिफोन ऑपरेटर सिनेमात आली. पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी, रूबी मायर्स. मूकपटांच्या काळात ती सुलोचना या नावाने प्रचंड गाजली आणि १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. (आपल्या खडकलाटच्या सुलोचनादीदी त्या वेगळ्या.) भल्या घरच्या मुली पडद्यावर यायला तयार नसत, म्हणून ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींना तेव्हा संधी मिळे. मात्र नाव बदलून हिंदू करावे लागे. म्हणजे इकडेही मुखवटा होताच. पण रूबीला घरातली माणसे लपवावी लागली नाहीत. क्वीनीने जो रस्ता धरला, त्याचे भाडे फार जास्त होते.

टास्मानियाची बनावट कथा

फ्रान्समधून ती लंडनला आली. सुरुवातीला क्लबात होस्टेसची नोकरी आणि सिनेमात गर्दीतली कामे. मग निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा याची नजर तिच्यावर गेली. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ मध्ये त्याने तिला राणी अ‍ॅन बोलिनची भूमिका दिली. काम छोटे, पण चेहरा लोकांच्या लक्षात राहिला. पुढच्याच वर्षी ‘द स्कार्लेट पिम्पर्नेल’ आला आणि मर्ल ओबेरॉन हे नाव पक्के झाले.

नावाबरोबर जन्मकथाही नवी लागली. प्रसिद्धी खात्याने ती तयार केली. जन्म ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर. वडील इज्जतदार गोरे गृहस्थ, शिकारीत अपघाताने गेले. मग मुलगी भारतात नातलगांकडे वाढली. जन्माची नोंद कुठे? तर ती आगीत जळाली. टास्मानिया का, तर बेट गोऱ्यांचे, इंग्रजी बोलणारे आणि इतके दूर की चौकशीला कोण जाणार?

या कथेत शार्लटला जागाच नव्हती. ती मर्लच्याच घरात राहायची, पण पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून. जिने नातीला लेक म्हणून वाढवले, तीच लेकीच्या घरात नोकर म्हणून वावरत होती. १९३७ मध्ये शार्लट वारली, तोवर हे असेच चालले.

वाचताना राग येतो, मलाही आला. पण तो राग कुणावर काढायचा, हे ठरवण्याआधी त्या काळचे नियम पाहायला हवेत.

खरे बोलली असती तर?

अमेरिकेत १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद झाले होते. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस गोरा ठरत नाही, त्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते, तरीही. हा दरवाजा जरासा उघडायला १९४६ साल उजाडले.

स्टुडिओंचे नियम याच्यावर ताण. हेज कोड या नावाने ओळखली जाणारी आचारसंहिता १९३४ पासून कडक लागू झाली. गोरे आणि काळे यांच्यातले प्रेम पडद्यावर दाखवायला तिच्यात मनाई होती आणि तिचा फटका इतर वर्णांच्या कलाकारांनाही बसे. नायक गोरा, मग नायिका गोरीच हवी.

अ‍ॅना मे वाँगचे उदाहरण घ्या. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चिनी वंशाची गुणी अभिनेत्री. तिने आपले मूळ लपवले नाही. ‘द गुड अर्थ’ हा चिनी शेतकऱ्यांवरचा सिनेमा निघाला तेव्हा नायिकेची भूमिका तिला मिळाली नाही. शेतकऱ्याच्या भूमिकेत पॉल म्युनी हा गोरा नट होता, मग त्याची बायकोही गोरीच हवी. ती भूमिका लुईस रायनरला गेली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळाले.

आणखी एक उदाहरण तर आपल्या म्हैसूरकडचे. सन १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’ मधून पुढे आलेला साबू हा माहुताचा मुलगा. त्यालाही कोर्डानेच जगापुढे आणले. साबू जगभर लोकप्रिय झाला, पण त्याच्या वाट्याला आयुष्यभर जंगल, हत्ती आणि जादूच्या गोष्टीच आल्या. म्हणजे एकाच कोर्डाच्या कंपनीत दोन भारतीय होते. एकाला भारतीय म्हणूनच मिरवायचे होते आणि दुसरीला भारतीय असल्याचे मरेपर्यंत कुणाला कळू द्यायचे नव्हते. मधली, साध्या माणसासारखी जागा दोघांनाही नव्हती.

यशाची किंमत

१९३५ मध्ये ‘द डार्क एंजल’ आला. त्यातल्या इंग्रज मुलीच्या भूमिकेसाठी मर्लला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. पण आशियाई रक्ताची अभिनेत्री त्या यादीत पहिल्यांदाच आली होती आणि तसे मोजणारा कुणीच नव्हता.

१९३९ मध्ये ‘वुदरिंग हाइट्स’. यात ती कॅथी आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हीथक्लिफ. मूळ कादंबरीतला हीथक्लिफ हा काळसर वर्णाचा, कुठून आला हे कुणालाच माहीत नसलेला पोरका मुलगा आहे. पडद्यावर तो गोरा इंग्रज नट झाला. आणि त्याच्यासमोर गोऱ्या घरची लेक म्हणून उभी राहिली ती शार्लट सेल्बीची नात.

२९ फेब्रुवारी १९४० च्या ऑस्कर सोहळ्यात ‘वुदरिंग हाइट्स’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत होता. त्याच रात्री ‘गॉन विथ द विंड’ मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल हिला पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. तिला खास परवानगीने आत घेतले आणि सिनेमातल्या इतरांपासून दूर, भिंतीजवळच्या छोट्या टेबलावर बसवले. काळ्या बाईला पडद्यावर मोलकरीण होता येत होते आणि सावळ्या आईला घरात.

मर्लने चेहऱ्याचीही किंमत मोजली. १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघातात तिला जखमा झाल्या. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांतल्या विषारी द्रव्यांमुळे आणि औषधाच्या रिअ‍ॅक्शनमुळे त्वचा आणखी बिघडली. न्यूयॉर्कला उपचार झाले, तरी मेकअपशिवाय खड्डे दिसत. पुढे तिचा नवरा झालेला कॅमेरामन लूसियन बॅलार्ड याने तिच्यासाठी कॅमेऱ्याजवळ लावायचा एक खास दिवा तयार केला. समोरून पडणाऱ्या त्या उजेडात चेहऱ्यावरचे व्रण दिसेनासे होत. सिनेमावाले त्या दिव्याला आजही तिच्या नावावरून ओबी म्हणतात.

संसार चार झाले. १९३९ मध्ये कोर्डाशी लग्न झाले, १९४२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि कोलकात्याची ऑपरेटर लेडी कोर्डा झाली. १९४५ मध्ये ते लग्न मोडले. नंतर बॅलार्ड, मग उद्योगपती ब्रूनो पाग्लियाय, शेवटी नट रॉबर्ट वोल्डर्स. पाग्लियायबरोबर असताना तिने दोन मुले दत्तक घेतली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. १९४९ मध्ये, शार्लट जाऊन बारा वर्षे झाल्यावर, मर्लने एका जुन्या फोटोवरून तिचे चित्र काढून घेतले. चित्रकाराला सूचना होती की रंग उजळ करायचा. ते चित्र ती ज्या ज्या घरात राहिली तिथे भिंतीवर असे. विचार करा, आईची आठवण तर हवी होती, पण खऱ्या रंगातली आई भिंतीवरसुद्धा परवडणारी नव्हती.

होबार्टचा सत्कार

खोट्याचा हिशेब शेवटी समोर येतोच. १९७८ मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्टला तिचा सत्कार ठरला. आपली लेक माहेरी येते आहे, असे तिथल्या लोकांना वाटत होते. तिच्या जन्माचा कसलाच पुरावा सापडत नाही, हे महापौरांना ऐनवेळी कळले, पण लाजेकाजेस्तव कार्यक्रम झाला. तिथे आल्यावर थोड्याच वेळात मर्लने आपला जन्म इथला नाही असे सांगून टाकले आणि तब्येतीचे कारण देऊन ती निघून गेली. सत्याच्या एवढ्या जवळ येऊनही मुंबईचे नाव मात्र तिच्या तोंडून आले नाही.

२३ नोव्हेंबर १९७९ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात पक्षाघाताने तिचे निधन झाले. १९८३ मध्ये तिचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि मुंबईचा जन्म जगाला कळला. जन्माची नोंद कुठेही जळाली नव्हती. ती मुंबईतच होती.

आजही तोच प्रश्न

नंतर काळ बदलला. २००२ मध्ये हॅली बेरी ही सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर घेणारी पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. तरी २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांना गेली आणि जगभर टीका झाली. २०२३ मध्ये मिशेल यो यांना नामांकन मिळाले, तेव्हा त्या पहिल्या आशियाई की दुसऱ्या, यावर वाद झाला. कारण पहिली कोण होती, तर मर्ल. फक्त तिने कधी तसे सांगितले नव्हते.

मी कॉमर्सवाला, त्यामुळे जमाखर्च मांडायची सवय. मर्लच्या जमेच्या बाजूला नाव, पैसा, पदवी, नामांकन. खर्चाच्या बाजूला जन्मगाव, आई आणि स्वतःचा चेहरा. ज्यांना दारातून परत पाठवले त्यांची नोंद इतिहासात निदान सापडते. ज्यांना स्वतःला पुसून यायच्या अटीवर आत घेतले, त्यांची नोंद ठेवायला कुणी नसते.

तिला खोटारडी म्हणणे सोपे आहे. पण गोरी क्रीम विकणाऱ्या जाहिराती आपल्याही घराघरात पोचल्या आणि सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी गोऱ्या नटीला काळे फासणे आपल्याही सिनेमात झाले. तेव्हा दगड उचलताना हात जपून उचललेला बरा. ‘वुदरिंग हाइट्स’ कधी पाहायला मिळाला तर जरूर पाहा. कॅथीचा चेहरा पडद्यावर आला की त्या उजेडामागे उभ्या असलेल्या शार्लटचीही आठवण ठेवा. तिचे नाव श्रेयनामावलीत नाही.