साताऱ्याची पायवाट, आफ्रिकेचा किनारा

१९३० च्या डिसेंबरमध्ये धोंडो केशव कर्वे आफ्रिकेच्या प्रवासाला निघाले, तेव्हा त्यांनी वयाची बहात्तर वर्षे पूर्ण केली होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते तेरा महिन्यांची पृथ्वीप्रदक्षिणा आटोपून परतले होते. एवढ्या दगदगीनंतर कोणीही घरी स्वस्थ बसला असता. अण्णांनी मात्र पुन्हा वळकटी बांधली. या खेपेला एक गोष्ट वेगळी होती. त्यांच्या सोबतीला त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे हिंगण्याच्या साऱ्या परिवाराच्या बाया, होत्या. पुढचे पंधरा महिने हे जोडपे मातृभूमीपासून दूर, स्त्रीशिक्षणाची झोळी घेऊन हिंडणार होते. वरवर पाहता हा निधी जमविण्याचा प्रवास होता. पण या दोघांच्या सहजीवनाचा सदतीस वर्षांचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला त्यात आणखी काही दिसते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. घराण्याला पूर्वी बरे दिवस होते, पण वडिलांच्या काळापर्यंत ते वैभव ओसरले होते. उरला होता तो स्वाभिमान. मुरूडचे शिक्षक विनायक लक्ष्मण सोमण यांनी या लाजाळू मुलाच्या मनात सार्वजनिक कामाची गोडी रुजविली.

चालण्याशी अण्णांचे नाते जडले ते सातारच्या वाटेवर. १८७५ साली सहावी इयत्तेची सरकारी परीक्षा द्यायची होती. त्या काळी ही परीक्षा म्हणजे मराठी शाळेतील शिक्षकाच्या नोकरीचे दार. केंद्रे होती मुंबई आणि सातारा. पावसाळी हवेमुळे मुंबईचा समुद्रमार्ग बंद झाला होता, तेव्हा उरला साताराच. अण्णा काही सोबत्यांसह पायीच निघाले. कुंभार्ली घाट चढून, पाटणचे खोरे ओलांडून, शंभराहून अधिक मैलांची मजल मारत ही मुले साताऱ्याला पोहोचली. परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. अण्णांची ती झाली होती आणि तसा दाखलाही त्यांच्यापाशी होता. पण अंगकाठी किरकोळ, चेहरा पोरसवदा. परीक्षा समितीच्या प्रमुखांना त्यांच्या वयाची खात्री पटली नाही आणि त्यांना परत पाठविण्यात आले. ज्या वाटेने आले त्याच वाटेने रिकाम्या हातांनी माघारी जाणे नशिबी आले. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले. सातारच्या त्या नकाराने त्यांच्या मनात कडवटपणा ठेवला नाही. एखादे दार बंद झाले तर दुसऱ्या दाराशी जाऊन उभे राहायचे, आणि त्यासाठी कितीही मैल तुडवावे लागले तरी कुरकुर करायची नाही, हा त्यांच्या आयुष्याचा शिरस्ता बनला.

पुढे रत्नागिरी, मग मुंबई. १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली गणित विषय घेऊन बी. ए. शिकवण्या करून पोट भरायचे आणि त्यातूनही काही भाग परोपकारासाठी बाजूला काढायचा, अशी त्यांची राहणी होती. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. मागे मुलगा रघुनाथ होता. तिशी ओलांडलेल्या विधुराला एखादी बारा-तेरा वर्षांची कुमारिका सहज मिळण्याचा तो काळ. अण्णांनी ठरविले की लग्न करायचे तर विधवेशीच.

देवरूखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई या अण्णांचे स्नेही नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. आठव्या वर्षी लग्न आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य, असे त्यांचे प्राक्तन होते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्याच होत. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात त्यांचा अण्णांशी पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

मुरूडकरांनी या विवाहाला बहिष्काराने उत्तर दिले. जोडप्याशी कोणी संबंध ठेवू नये आणि अण्णांना घरात घेणाऱ्या कुटुंबालाही वाळीत टाकावे, असे गावाने ठरविले. गावासाठी ज्याने ‘मुरूड फंड’ उभारला, त्यालाच गावाने पारखे केले. अण्णांनी हे शांतपणे सोसले. बायांच्या वाट्याला मात्र याहून अवघड परीक्षा आली, आणि ती घेणारे विरोधक नव्हते.

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० साली रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर, पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर, एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. कॉलेजचे तास संपले की अण्णा आश्रमाचे सामानसुमान घेऊन चिखलकाट्यांतून चालत हिंगण्याला जात आणि पहाटे परत येत. मात्र आश्रमाचे धोरण एका बाबतीत काटेकोर होते. येथे विधवांना शिक्षण दिले जाईल, पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही. जुन्या वळणाच्या लोकांनी मुली पाठवाव्यात, देणगीदारांनी हात आखडू नये, म्हणून हे पथ्य आवश्यक होते. त्याचा परिणाम असा की, पुनर्विवाहित बायांनाच आरंभीच्या काळात आश्रमापासून दूर राहावे लागले. ज्या कार्याचा जन्म एका अर्थी त्यांच्याच विवाहातून झाला, त्या कार्याच्या उंबरठ्यावर त्यांना थांबवून ठेवण्यात आले. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाची आधारस्तंभ झाली, आणि थोरली बहीण घरी चार मुलांचा संसार ओढत राहिली.

या संसारात पैशाची चणचण कायमची होती. अण्णांनी आपली पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली, तेव्हा बायांच्या सहनशीलतेचा बांध फुटला. उद्या काही बरेवाईट झाले तर मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, हा त्यांचा सवाल होता, आणि तो रास्तही होता. अण्णांच्या चरित्रात त्यागाची वर्णने पुष्कळ येतात. त्या त्यागाची किंमत घरातील दुसऱ्या माणसाने मोजली होती, हे बायांनी लपवून ठेवले नाही. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मचरित्रात नवऱ्याविषयीचा आदर आहे आणि गाऱ्हाणीही आहेत.

या कुटुंबात परदेशगमनाची वाट प्रथम उघडली ती अण्णांनी नव्हे. केशवपन झालेल्या, उशिरा शिकू लागलेल्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाला मदत मिळविण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे घरकाम करून त्यांनी आपला खर्च भागविला आणि १९२० साली त्या परतल्या.

अण्णांच्या डोक्यात मात्र जपान घर करून होता. १९१५ साली बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी पाठविलेली, टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती पडली. त्या वर्षाअखेर मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ती प्रत्यक्षात आणली. कॉलेजच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थिनींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी रचना होती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातुःश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. तरीही सरकारी मान्यता नव्हती. पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. जगाला या प्रयोगाची ओळख करून देणे आवश्यक होते.

त्यासाठी मार्च १९२९ मध्ये, सत्तरी उलटलेले अण्णा इंग्लंडला निघाले. माल्व्हर्न येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला ते उपस्थित राहिले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या सभेत भारतीय स्त्रियांच्या शिक्षणावर त्यांचे व्याख्यान झाले. २५ जुलै ते ४ ऑगस्ट या काळात जिनिव्हाच्या शिक्षक परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या भारतीय प्रयोगाची माहिती दिली, आणि त्यानंतर डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षणवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात ते सहभागी झाले. पुढचे काही महिने अमेरिकेत गेले. शेअर बाजार कोसळून मंदीची चाहूल लागलेल्या त्या देशात हा वृद्ध प्राध्यापक गावोगावी भाषणे देत फिरत होता. वक्तृत्व हा काही त्यांचा गुण नव्हे. साध्या शब्दांत कामाचा हिशेब मांडायचा, एवढेच त्यांचे भांडवल. शेवटी टोकियोला जाऊन त्यांनी ते महिला विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले. ज्याच्या पुस्तिकेवरून प्रेरणा घेतली, त्या संस्थेच्या दारात ते स्वतःच्या विद्यापीठाचे संस्थापक म्हणून उभे होते. एप्रिल १९३० मध्ये ते परतले, तेव्हा दांडीच्या मिठाने सारा देश पेटला होता.

एवढे जग एकट्याने पाहून झाल्यावर आफ्रिकेचा प्रवास मात्र दोघांचा ठरला. त्यामागे घरगुती कारणही होते. मुलगा डॉ. शंकर कर्वे मोंबासा येथे वैद्यकीय व्यवसाय करीत होता. मोंबासा हे पूर्व आफ्रिकेचे बंदर. १८९६ पासून तेथून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा लोहमार्ग बांधण्यासाठी हजारो हिंदी मजूर नेण्यात आले होते. त्यांच्या मागोमाग दुकानदार, कारकून, कंत्राटदार, डॉक्टर, वकील गेले. गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती तर त्याआधीपासून झांझिबारपर्यंत पसरलेली होती. मातृभाषेतून शिकविणाऱ्या, मराठीबरोबर गुजराती मुलींचीही सोय करणाऱ्या विद्यापीठाविषयी या मंडळींना आपुलकी वाटणे स्वाभाविक होते.

केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असा हा दौरा झाला. अण्णांसाठी तो युरोप-अमेरिकेच्या दौऱ्याचा पुढचा टप्पा होता. बायांसाठी त्याचा अर्थ निराळा होता. ज्या स्त्रीला पुनर्विवाहामुळे आश्रमाच्या कारभारापासून बाजूला ठेवावे लागले, जिच्यामुळे सासरचे गाव परके झाले, ती आता साठीच्या घरात, नवऱ्याच्या शेजारी उघडपणे त्याच कार्याची प्रतिनिधी म्हणून परक्या मुलखात वावरत होती. स्वदेशात जे नाते कार्याला अडचणीचे ठरेल म्हणून जपून झाकावे लागले, तेच येथे कार्याचा जिवंत पुरावा होते. पस्तीस-चाळीस वर्षे दोघांच्या वाटा एकाच ध्येयाकडे पण बहुधा वेगवेगळ्या चालल्या होत्या. अण्णा हिंगण्याच्या वाटेवर, बाया चुलीपाशी. आफ्रिकेत त्या एकत्र आल्या.

पंधरा महिन्यांनी, १९३२ च्या प्रारंभी, हा प्रवास संपला. अण्णांनी आपल्या प्रवासांची हकीकत १९३६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ‘लुकिंग बॅक’ या आत्मकथनातून वाचकांपुढे ठेवली. तिची धाटणी त्यांच्या स्वभावासारखीच आहे. निसर्गवर्णनाचा फुलोरा कमी, भेटलेली माणसे आणि पाहिलेल्या संस्था यांची नोंद अधिक.

परतल्यावरही विश्रांती नव्हतीच. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला १९४४ मध्ये. हिंगण्याच्या रोपट्याच्या फांद्या पुढे दूरवर पसरल्या. ज्या साताऱ्याने सतरा वर्षांच्या अण्णांना परीक्षेच्या दारातून परत पाठविले, त्याच साताऱ्यात आणि शेजारच्या वाईत आज त्यांच्या संस्थेच्या कन्याशाळा मुलींना शिकवीत आहेत.

बायांचे निधन २९ नोव्हेंबर १९५० रोजी झाले. विद्यापीठाला १९५१ साली मिळालेला कायदेशीर दर्जा, १९५५ चे पद्मविभूषण, १९५८ साली शतकपूर्तीच्या वर्षी मिळालेले भारतरत्न, यांपैकी काहीच त्यांना पाहायला मिळाले नाही. अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी गेले. त्यांचे नाव रस्त्यांना, संस्थांना आणि टपाल तिकिटांना लाभले. बायांचे नाव त्या मानाने मागे राहिले. पण आफ्रिकेतले ते पंधरा महिने तरी अण्णांच्या चरित्रात एकट्याचे म्हणून सांगता येत नाहीत. तेथे दोघांचीच नावे घ्यावी लागतात, आणि खरे म्हणजे आधीच्या सदतीस वर्षांबद्दलही तसेच करायला हवे.