सतराव्या क्रमांकाचा उमेदवार

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात शतकाहून जुना देवराज बाजार आहे. २०१६च्या ऑगस्टमध्ये त्याचा एक भाग कोसळला. बाजार दुरुस्त करावा की पाडून नवा बांधावा, हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालला आणि न्यायालयापर्यंत गेला. अशा प्रश्नावर मोहल्ल्यातल्या फुलवाल्याने किंवा पानवाल्याने प्रथम कोणाचे दार ठोठवावे? आपल्या नगरसेवकाचे, हे त्याचे सरळ उत्तर. पण म्हैसूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली, त्यापूर्वी व्हायला हवी होती ती निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. मुंबईनेही मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे अशीच काढली. दोन्ही शहरांत रस्ते झाडले गेले, कर वसूल झाले, निविदा निघाल्या. मग नगरसेवक नसल्याने नेमके काय बिघडले, असे विचारणारे सुशिक्षित लोक मला वारंवार भेटतात. त्यांना मी सर फिरोजशहा मेहता यांचे चरित्र वाचायला सुचवतो.

मराठी वाचकाला मेहता आठवतात ते बहुधा १९०७च्या सुरत काँग्रेसमुळे. टिळकांच्या विरुद्ध बाजूचे मवाळ पुढारी म्हणून. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. १८९० साली कलकत्त्याच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या या नेत्याने आयुष्याची चार दशके खर्च केली ती मुख्यतः मुंबई शहराच्या कारभारावर.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत जन्मलेले मेहता इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन १८६८ मध्ये परतले, तेव्हा शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस या प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे होता. प्रत्यक्ष सत्ता मात्र आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांची. क्रॉफर्ड यांनी शहर स्वच्छ केले, मंडई उभारली, रस्ते केले. आणि हे करताना तिजोरी रिकामी केली. करांच्या ओझ्याने संतापलेल्या नागरिकांनी १८७१ मध्ये मोठे आंदोलन उभारले. आयुक्ताचे अधिकार काढून ते एका समितीला द्यावेत, अशी त्यांची मागणी होती.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या मेहतांनी या विषयावर निबंध वाचला आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. क्रॉफर्ड यांच्या कामाचे त्यांनी समर्थन केले. दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. काम एकाच जबाबदार अधिकाऱ्याने करावे, परंतु त्याला जाब विचारणारी सभा सरकारने नेमलेली नसावी, करदात्यांनी निवडलेली असावी, असे त्यांनी मांडले. सभेला हे रुचले नाही. पण १८७२चा कायदा झाला तो बराचसा याच दिशेने. चौसष्ट सदस्यांच्या नव्या महापालिकेत निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. उरलेल्यांपैकी सोळा जस्टिस मंडळाने निवडायचे आणि सोळा सरकारने नेमायचे होते.

पुढे प्रांतिक विधिमंडळात मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी घडवण्यास हातभार लावलेला १८८८चा कायदा आला. सदस्यसंख्या बहात्तर झाली आणि छत्तीस जागा वॉर्डांतून निवडून द्यायच्या ठरल्या. मुंबईचा कारभार दुरुस्त्यांसह आजही त्याच कायद्याने चालतो. नेमलेला आयुक्त आणि निवडलेले सभागृह ही त्यातली रचना स्वातंत्र्यानंतर देशभरच्या महापालिका कायद्यांत पसरली. देवराज मोहल्ल्याचा नगरसेवक ज्या चौकटीत काम करतो, तिचा एक धागा धोबी तलावावरच्या त्या सभेपर्यंत जाऊन पोहोचतो.

मेहता १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा महापालिकेचे अध्यक्ष झाले. अंदाजपत्रकाचे आकडे त्यांना मुखोद्गत असत. अर्थात त्यांचा दराराही मोठा होता. त्यांच्यासमोर इतरांना बोलायला जागा उरत नाही, ही तक्रार त्यांचे मित्रही करत.

१९०७ मध्ये त्यांना सभागृहाबाहेर काढण्याचा घाट घातला गेला. महालेखापाल हॅरिसन, पोलीस आयुक्त गेल, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर अशी वजनदार मंडळी त्यामागे होती. ‘कॉकस’ या नावाने हा गट इतिहासात ओळखला जातो. मेहता त्या वेळी जस्टिस मंडळाच्या मतदारसंघातून उभे होते. जागा सोळा होत्या. गटाने आपल्या सोळा उमेदवारांची यादी केली आणि मते त्यांच्याकडे वळवली. निकाल लागला तेव्हा मेहता सतराव्या क्रमांकावर होते.

या पराभवाने शहर हादरले. माधवबागेत जाहीर सभा भरली आणि अधिकाऱ्यांनी निवडणुकीत केलेल्या हस्तक्षेपाचा निषेध झाला. पुढे विजयी सोळांपैकी एकाचे महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असल्याचे निघाले, त्याची निवड रद्द झाली आणि सतरावे मेहता सभागृहात परतले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी निधन होईपर्यंत शहराच्या कारभारावरचा त्यांचा प्रभाव टिकून होता. महापालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

हा प्रसंग मला मेहतांच्या विजयाइतकाच त्यांच्या मर्यादेचा वाटतो. वॉर्डांची निवडणूक मागणारा हा माणूस स्वतः उभा होता तो मूठभर नेमलेल्या प्रतिष्ठितांच्या मतदारसंघातून. तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यांचा शब्द पुरेसा होता. एखाद्या वॉर्डातल्या शेकडो करदात्यांची मते अशी गोळा करणे त्यांना इतके सोपे गेले नसते. शिवाय करदात्यांच्या त्या यादीत चाळीतला गिरणी कामगार नव्हताच. घरोघरी जाऊन नळाची, गटाराची, दिव्याची तक्रार ऐकणारा उमेदवार प्रौढ मताधिकारानंतरच शक्य झाला.

तरीही एक गोष्ट मेहतांनी १८७१ मध्येच ओळखली होती. कार्यक्षम अधिकारी आणि जबाबदार अधिकारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्रॉफर्ड कार्यक्षम होते. आजचे अनेक प्रशासकही असतात. पण ज्याला मते मागायला यायचे नाही, त्याला बाजार का पाडता, असे विचारण्याची जागा फुलवाल्याकडे उरत नाही. त्याला न्यायालयात जावे लागते, आणि ते सर्वांना परवडत नाही.

आजचे नगरसेवक काही आदर्श नाहीत, हे मान्य. कंत्राटात हितसंबंध असलेले लोक १९०७ मध्येही सभागृहात शिरत होते. त्यावरचा इलाज त्या काळीही सभागृह बंद ठेवणे हा नव्हता. दोषी सदस्याला काढून पुढच्या उमेदवाराला बसवले गेले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले आणि तीन लाखांहून मोठ्या शहरांत वॉर्ड समित्यांची तरतूद केली. प्रभागरचना आणि आरक्षण यांचे वाद राज्य सरकारांनी मुदतीआधी मिटवावेत, एवढीच अपेक्षा त्यात आहे. ती पूर्ण होत नाही तोवर मेहतांच्या पुतळ्याला हार घालण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाने सांगू नये.